रेग्युलेटरची नळी : रबरी आवरणापासून नायलॉनच्या विणीपर्यंत

स्कूबा रेग्युलेटरसाठी, म्हणजे टाकीतील हवेचा दाब कमी करून ती पाणबुड्याच्या तोंडाशी देणाऱ्या उपकरणासाठी, रबरी नळी घ्यावी की ब्रेडेड (बाहेरून विणलेली), या चर्चेत एक गोष्ट सहसा नजरेआड होते, ती म्हणजे वीण दोन्ही नळ्यांत असते. रबरी नळी आडवी कापून पाहिली, तर आत गुळगुळीत रबराचे अस्तर, त्यावर धाग्यांची घट्ट जाळी आणि सर्वांत बाहेर काळ्या रबराचे जाड आवरण असे थर दिसतात. हवेचा दाब पेलते ती ही मधली जाळी. ब्रेडेड नळीत बाहेरच्या रबराची जागा नायलॉनची वीण घेते आणि आतले अस्तर बहुधा पॉलियुरेथेन या लवचीक प्लास्टिकचे असते. माझ्या मते निवडीचा निर्णय या न दिसणाऱ्या अस्तरावरून व्हायला हवा.

फ्रान्समध्ये 1943 साली जाक-इव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी ॲक्वालंग हे पाण्याखाली श्वास घेण्याचे उपकरण तयार केले, तेव्हा नळीपुढे दाब पेलण्याचा प्रश्नच नव्हता. दाब कमी करणारी सगळी यंत्रणा पाठीवर, टाकीच्या तोंडाशी होती. तिथून रबराच्या दोन रुंद, पन्हळीदार नळ्या डोक्याच्या दोन्ही बाजूंनी तोंडापर्यंत येत. एकीतून हवा आत येई, तर दुसरीतून उच्छ्वास पुन्हा पाठीमागे नेऊन सोडला जाई. नळीतील हवा सभोवतालच्या पाण्याइतक्याच दाबाची असल्यामुळे ती फुप्फुसांच्या ओढीने सहज यावी यासाठी नळी रुंद ठेवणे भाग होते, आणि वळताना ती चेपून बंद होऊ नये म्हणून तिला पन्हळी होत्या. तोंडातून मुखनळी सुटली की या पन्हळींत पाणी शिरे आणि ते बाहेर काढण्यासाठी पाणबुड्याला अंग एका कुशीवर वळवावे लागे.

ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या टेड एल्ड्रेड यांनी 1952 च्या सुमारास ‘पॉर्पॉइज’ हा एकाच नळीचा रेग्युलेटर बाजारात आणला आणि नळीचे काम पार बदलले. दाब उतरवण्याचे दोन टप्पे आता एकमेकांपासून वेगळे झाले. पहिला टप्पा टाकीवर आणि दुसरा थेट तोंडाशी, त्यामुळे मधल्या नळीत सभोवतालच्या पाण्यापेक्षा अधिक दाबाची (आजच्या रेग्युलेटरांत साधारण 9 ते 10 बार; 1 बार म्हणजे जवळपास समुद्रसपाटीवरील हवेचा दाब) हवा कायम भरलेली राहू लागली. दाटलेल्या हवेला अरुंद वाट पुरते, म्हणून नळी बारीक झाली. परंतु ती फुगू नये यासाठी रबरात धाग्यांची जाळी गुंफणे आवश्यक ठरले. आजची रबरी नळी मूलतः हीच आहे. तिच्या बाहेरच्या आवरणाला टाचणीने टोचल्यासारखी सूक्ष्म छिद्रे असतात. अस्तरातून थोडी हवा झिरपतेच. तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही, तर आवरणाला फोड येतात.

पुढे दाबमापक, राखीव सेकंड स्टेज (तोंडाशी असणारा दुसरा टप्पा) आणि तरंग-जॅकेटमध्ये हवा भरण्याची सोय अशी साधने एकेक करून जोडली गेली आणि एका नळीच्या चार झाल्या. फ्लोरिडातील गुहांत उतरणाऱ्या पाणबुड्यांनी अडचणीच्या वेळी सोबत्याला हवा देता यावी म्हणून 7 फुटी नळी रूढ केली. ही नळी अंगावरून आणि मानेभोवती वळवून घ्यावी लागते, आणि ताठ रबर तिथे जाणवते. नेहमीची रबरी नळीसुद्धा सेकंड स्टेजला ओढ देऊन जबडा दुखवते.

या सहस्रकाच्या पहिल्या दशकात ब्रेडेड नळ्या पसरल्या, त्या याच अडचणीवर उपाय म्हणून. त्या हलक्या असतात, लहान वळणात सहज वाकतात आणि प्रवासाच्या पिशवीत गुंडाळून बसतात. ही सोय खरी आहे आणि जबड्याचा त्रास असलेल्या माणसाला तिचे मोल मी कमी लेखणार नाही. मात्र विणीत वाळू आणि मीठ अडकते, खडबडीत पृष्ठभाग मानेवर घासतो, आणि मुख्य म्हणजे आतली झीज दिसत नाही.

ही अडचण पुढे गंभीरपणे समोर आली. पॉलिएस्टर जातीच्या पॉलियुरेथेनचे उष्णता आणि ओलावा यांमुळे हळूहळू विघटन होते. अशा काही नळ्यांच्या आत पिवळसर, स्फटिकासारखा कठीण पदार्थ साचून हवेची वाट अडल्याचे आढळले आणि डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेने पाणबुड्यांना त्याबाबत सावध केले. बाहेरची वीण तेव्हाही धडधाकट दिसू शकते. पॉलिइथर जातीचे पॉलियुरेथेन ओलाव्याला बरेच अधिक टिकते; म्हणून ब्रेडेड नळी घेताना अस्तर कोणत्या जातीचे आहे, हा पहिला प्रश्न असावा. त्याचे उत्तर मिळत नसेल, तर मी ती नळी घेणार नाही.

रबरसुद्धा ऊन, ओझोन आणि वारंवार वाकणे यांनी चिरते, परंतु ते बहुतेक वेळा आधी सूचना देते. धातूच्या जोडावरचे संरक्षक टोपण मागे सरकवून नळी त्या जागी हलकेच वाकवली, की बारीक भेगा उघडतात. रबरी नळीची ही तपासणी दर सफरीपूर्वी मिनिटभरात होते. ब्रेडेड नळीबाबत डोळ्यांना तेवढा आधार नसल्यामुळे खरेदीची तारीख लिहून ठेवणे, उत्पादकाने दिलेली मुदत संपताच नळी बदलणे आणि मधल्या काळात हवा येण्यास जराही जड वाटले, तर तिच्यावर पुन्हा पाण्यात न उतरणे, एवढेच हाती राहते.