स्पॉट कॅमेरा आणि सरासरीचा कॅमेरा: ब्रेक कुठे दाबायचा?

नॅव्हिगेशनमधला आवाज दोन्हींसाठी एकच सूचना देतो, ‘पुढे स्पीड कॅमेरा आहे’. त्यामुळे बहुतेक चालकांच्या लेखी सगळे कॅमेरे सारखेच. दिसला की ब्रेक, मागे पडला की पुन्हा दामटा. एका प्रकारच्या कॅमेऱ्यापुढे ही युक्ती खपते. दुसऱ्यापुढे खपत नाही, चलान येतंच. पेट्रोल मात्र दोन्हीकडे जळतं.

स्पॉट कॅमेरा तुमचा वेग एका जागी, एका क्षणी मोजतो. रडार असेल तर गाडीवर आपटून परतणाऱ्या लहरींची वारंवारता किती बदलली त्यावरून, नाहीतर रस्त्यात बसवलेल्या संवेदक पट्ट्या चाकांनी किती वेळात ओलांडल्या त्यावरून. जुन्या गात्सो कॅमेऱ्यापुढे रस्त्यावर पांढऱ्या रेघा आखलेल्या असत. तो अर्ध्या सेकंदाच्या अंतराने दोन फोटो काढायचा आणि तेवढ्या वेळात गाडी किती रेघा पुढे सरकली हे पाहून रडारचा आकडा पडताळता यायचा. हे नाव मॉरिस गात्सोनिडेस यांचं. ते डच रॅलीचालक, 1953 ची मॉन्टे कार्लो रॅली जिंकलेले. वेग मोजायचं यंत्र त्यांनी बनवलं ते आपण वळणावर आणखी जोरात कसे जाऊ हे तपासायला! पुढे त्याच यंत्राने जगभरच्या घाईवाल्यांना दंड भरायला लावला.

सरासरीचा कॅमेरा वेग मोजतच नाही. तो नंबरप्लेट वाचतो आणि वेळ टिपतो. काही किलोमीटरवरचा त्याचा जोडीदार तेच करतो. मधलं अंतर ठाऊक असतं, दोघांची घड्याळं जुळवलेली असतात, उरतो तो भागाकार. दहा किलोमीटरचा पट्टा आणि मर्यादा 80 असेल तर तुम्हाला साडेसात मिनिटं लागायला हवीत. सहा मिनिटांत पोचलात तर सरासरी 100. ‘मी कॅमेऱ्याखालून साठनेच गेलो’ हे म्हणणं खरं असलं तरी कामाचं नाही, कारण सरासरी 100 आली म्हणजे वाटेत कुठेतरी काटा निदान शंभरावर होताच.

आता पेट्रोलचं बघू, कारण माझं मत तिथेच ठरतं. 1200 किलोची गाडी 110 वरून ब्रेक दाबून 80 वर आणली की जवळपास 260 किलोजूल ऊर्जा ब्रेकच्या चकत्यांत उष्णता होऊन जाते. पुन्हा 110 गाठायचं तर ती इंजिनाकडूनच मिळवायला हवी. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा जेमतेम पाव हिस्सा चाकांपर्यंत पोचतो हे धरलं, तर एका कॅमेऱ्याला घातलेला हा नमस्कार सुमारे 30 मिलिलिटरला पडतो. लिटरला 15 किलोमीटर देणारी गाडी तेवढ्यात जवळजवळ अर्धा किलोमीटर गेली असती. रस्त्यावर असे आठ-दहा खांब असले तर हिशेब तुम्हीच करा. मायलेज मिळत नाही म्हणून गाडीला शिव्या देणाऱ्यांमध्ये असे चालक बरेच निघतील.

सरासरीच्या पट्ट्यात ही धरसोड निरर्थक ठरते, म्हणून गाड्या एका लयीत चालतात. नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमजवळ ए13 महामार्गावर 2002 मध्ये अशी व्यवस्था आली, तीही 80 च्या मर्यादेसह, आणि त्यामागचं एक मुख्य कारण रस्त्याला लागून असलेल्या वस्तीतली हवा हे होतं. मला हे पटतं.

पळवाट नाही असं नाही. त्याच दहा किलोमीटरमध्ये पहिले पाच 120 ने आणि उरलेले पाच 60 ने गेलात तर साडेसात मिनिटंच लागतात, कॅमेरा गप्प. मधेच गाडी बाजूला लावून वेळ काढणारेही असतात. पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे सलग 80 ने जाण्याच्या तुलनेत या खेळात हवा कापायलाच सुमारे 40 टक्के जास्त ऊर्जा लागते. पोचायचं त्याच वेळेला. हुशारी कसली ही!

हायब्रिडवाले म्हणतील, आमचा ब्रेक बॅटरी भरतो. भरतो, पण सगळी ऊर्जा परत येत नाही, आणि हवेशी झगडण्यात गेलेली तर मुळीच नाही. 120 ने पळणारी हायब्रिड 80 ने चाललेल्या साध्या गाडीपुढे फार तोरा मिरवू शकत नाही.

म्हणून स्पॉट कॅमेरे काढून टाका असं मात्र मी म्हणणार नाही. शाळेसमोर किंवा अपघाती वळणावर वेग त्या शंभर मीटरमध्येच कमी व्हायला हवा, तिथे सरासरी काय कामाची? सिग्नल आणि गर्दीच्या शहरी रस्त्यावरही ती फसते. पाच मिनिटं लाल दिव्यापाशी अडकलेला माणूस पुढे सुसाट गेला तरी त्याचा हिशेब स्वच्छ!

सरासरीच्या कॅमेऱ्यावर माझा खरा आक्षेप वेगळा आहे. साधा स्पॉट कॅमेरा मर्यादा मोडणाऱ्याचाच फोटो काढतो. याला मात्र आधी प्रत्येकाची नंबरप्लेट नोंदवावी लागते, निर्दोष माणसाचीही. ज्यांनी मर्यादा पाळली त्यांच्या नोंदी पट्टा संपताच पुसल्या जातात की साठवल्या जातात, हे पाटीवर लिहिलेलं असावं.

अशा पट्ट्यात शिरल्यावर घाबरून 65 वर येणाऱ्यांसाठी एक गोष्ट. अनेक देशांतल्या वाहननियमांनुसार स्पीडोमीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवायचा नसतो, थोडा जास्त चालतो. म्हणून काटा 80 वर असताना गाडी बहुधा दोन-चार किलोमीटर कमीच वेगाने धावत असते. सपाट रस्ता असेल तर क्रूझ कंट्रोल 80 वर लावा आणि मागच्या ट्रकवाल्याला हॉर्न वाजवायला लावू नका.