एसटी आणि शहर बस: रंग एक, हिशेब दोन

आमचे गाव उमरेड–भिवापूर रस्त्यापासून आत आहे. गावात चारचाकी असलेली घरे बोटांवर मोजण्याइतकी, आणि बाकीच्या साऱ्यांचे नागपूर बसवर अवलंबून. मेडिकलमधली, म्हणजे नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यातली, तपासणी असो, कोर्टाची तारीख असो की मुलांचे कॉलेज असो, एका दिवसात माणूस दोन वेगवेगळ्या व्यवस्थांच्या गाड्यांतून प्रवास करतो आणि दोन्हींना 'बस' हे एकच नाव देतो. गावातून शहरापर्यंत आणणारी ती एसटी आणि शहरात फिरवणारी ती शहर बस. दोन्हींत कंडक्टर असतो, दोन्हींत तिकीट फाडण्याऐवजी आता मशीनमधून निघते, आणि शहर बसमध्येही लाल गाड्या असल्यामुळे रंगावरूनही भेद कळत नाही. तरीही या दोन गाड्यांचे मालक वेगळे आहेत आणि भाडे, सवलत, थांबा, वेळ यांचे नियमही वेगळे आहेत. ज्याला स्वतःच्या वाहनाशिवाय जगायचे आहे त्याला हा फरक नीट माहीत असावा लागतो, कारण तो माहीत नसल्याची किंमत कधी पैशांत तर कधी चुकलेल्या शेवटच्या गाडीत मोजावी लागते.

माझ्या पुतणीने नागपूरच्या कॉलेजात प्रवेश घेतला तेव्हाची गोष्ट. उमरेड ते नागपूर असा एसटीचा विद्यार्थी पास काढून, त्याला प्लास्टिकचे कव्हर घालून, ती पहिल्या दिवशी निघाली. दिघोरीला एसटीतून उतरली, मागून आलेल्या शहर बसमध्ये चढली आणि तोच पास कंडक्टरपुढे धरला. त्यांनी पास उलटसुलट पाहिला आणि समजावून सांगितले, "ताई, हा एसटीचा पास होय. इथे नाही चालत, तिकीट काढा लागते." पासावर 'नागपूर' लिहिलेले होते आणि ती नागपुरातच होती, त्यामुळे तिला ते काही केल्या पटेना. पण पासावरचे नागपूर म्हणजे एसटीचे नागपूर, अर्थात एसटीच्या मार्गाचे शेवटचे ठिकाण. शहराच्या आतल्या फिरण्याशी त्या कागदाचा संबंध नसतो. आता तिच्या त्याच कव्हरमध्ये दोन पास आहेत, एका बाजूने एसटीचा आणि दुसऱ्या बाजूने शहर बसचा.

हा घोळ होण्यामागे थोडा इतिहासही आहे. मुंबई राज्याची एसटी १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर सुरू झाली, तेव्हा विदर्भ त्या राज्यात नव्हताच. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर नागपूरकडची परिवहन सेवा त्या एसटीत मिळाली आणि १९६१ पासून महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ हे नाव आले. पुढे कित्येक वर्षे नागपूर शहरातली बससेवाही एसटीच चालवत होती. म्हणजे आमच्या वडिलांच्या पिढीसाठी गावची बस आणि शहरातली बस खरोखरच एका घरच्या होत्या. या शतकाच्या पहिल्या दशकात शहराची सेवा वेगळी झाली, काही वर्षे ती 'स्टार बस' म्हणून ओळखली गेली आणि २०१७ पासून महानगरपालिकेची 'आपली बस' आली. गावातली वयस्क मंडळी अजूनही शहर बसला एसटीच म्हणतात. ती त्यांची चूक नव्हे. त्यांच्या आठवणीतली व्यवस्था बदलली एवढेच.

आज एसटी राज्याच्या महामंडळाची आहे आणि तिच्या आगारांचे जाळे तालुक्यातालुक्यांत आहे. शहर बस महानगरपालिकेच्या परिवहन विभागाची असते आणि गाड्या चालवण्याचे काम कंत्राटदारांकडे असते. प्रवाशाला मालकीशी काय करायचे, असे वाटू शकते. पण पिशवी गाडीत राहिली की ते कळते. एसटीत राहिलेली पिशवी ज्या आगाराची गाडी असेल तिथे विचारावी लागते, म्हणून गाडीवर लिहिलेले आगाराचे नाव लक्षात ठेवलेले बरे. शहर बसमध्ये राहिलेल्या पिशवीसाठी एसटीच्या चौकशी खिडकीवर कितीही वेळ उभे राहिले तरी उपयोग होत नाही. (नागपूरकडच्या पुष्कळ एसटी गाड्यांच्या नंबराची सुरुवात एमएच ४० ने होते, कारण त्यांची बांधणी महामंडळाच्या हिंगण्याच्या कार्यशाळेत झालेली असते. ओळख पटवण्याची ही एक सोपी खूण आहे.)

सर्वांत जास्त गैरसमज सवलतींबाबत आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना एसटीत मोफत प्रवास आहे आणि ६५ ते ७५ वयोगटाला निम्मे तिकीट आहे. १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना एसटीत ५० टक्के सवलत मिळते. बारावीपर्यंतच्या ग्रामीण मुलींना शाळेसाठी मोफत पास आहे आणि इतर विद्यार्थ्यांना पासात ६६.६७ टक्के सूट आहे. हे सारे नियम एसटीसाठी केलेले आहेत. शहर बसमध्ये कोणाला किती सूट द्यायची हे महानगरपालिका ठरवते, आणि म्हणून "एसटीत मिळते, मग इथे का नाही?" हा प्रश्न कंडक्टरला विचारून उपयोग नसतो. त्याच्या मशीनमध्ये जो नियम भरलेला आहे तेवढेच तिकीट तो देऊ शकतो. शहर बसमध्ये चढण्यापूर्वी घरातल्या वयस्कांजवळ आधार कार्डाबरोबर सुटे पैसेही दिलेले असले, तर भर बसमध्ये त्यांना अवघडल्यासारखे होत नाही. एसटीच्या सवलतीलाही हद्द आहे: ती राज्याच्या सीमेपर्यंतच लागू होते. आमच्याकडून छिंदवाडा किंवा आदिलाबादकडे जाणाऱ्यांना हे ठाऊक असते, कारण सीमेपलीकडच्या अंतराचे तिकीट पूर्ण पडते.

भाड्याचे गणितही दोन्हीकडे वेगळ्या मापाने होते. एसटीचा एक टप्पा ६ किलोमीटरचा असतो आणि त्याहून कमी अंतर गेले तरी एका टप्प्याचे भाडे द्यावेच लागते. शहर बसचे टप्पे लहान असतात, कारण तिचा प्रवासी दोन-तीन किलोमीटरवर उतरणारा असतो. म्हणून शहराच्या आत एका चौकातून दुसऱ्या चौकात जाण्यासाठी एसटीत चढणे बहुधा परवडत नाही, आणि लांब पल्ल्याची एसटी अशा प्रवाशासाठी थांबतही नाही. पासाचाही हिशेब निराळा आहे. एसटीचा मासिक पास २० दिवसांच्या भाड्यात ३० दिवस चालतो आणि त्रैमासिक पास ५० दिवसांच्या भाड्यात ९० दिवस. परंतु तो ठरलेल्या दोन ठिकाणांपुरताच. नागपूरला रोज नोकरीसाठी जाणाऱ्याने दोन्ही पास काढण्याआधी कामाचे ठिकाण एसटीच्या रस्त्यावर पडते का, ते पाहावे. पडत असेल तर दुसरा खर्च वाचतो.

थांब्याचा फरक मला याहूनही महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात वेळ जातो. एसटी नागपुरात शिरली की गणेशपेठच्या बसस्थानकाकडे जाते. शहर बसचे मोठे केंद्र सीताबर्डीला मोरभवनजवळ आहे. ही दोन ठिकाणे फार लांब नाहीत, पण ओझे घेऊन चालत जावे इतकी जवळही नाहीत, आणि नवखा माणूस एकाची गाडी दुसऱ्या ठिकाणी शोधत बसतो. अनुभवी प्रवासी मात्र पुष्कळदा गणेशपेठपर्यंत जातच नाही. उमरेडकडून येणारा दिघोरीला उतरतो, अमरावतीकडून येणारा वाडीला, भंडाऱ्याकडून येणारा पारडीला, आणि तिथून शहर बस धरतो. वर्धा किंवा हिंगणघाटकडून एम्सला जाणाऱ्यांचे नुकसान तर मी स्वतः पाहिले आहे. एम्स वर्धा रोडवर मिहानमध्ये, खापरीच्या बाजूला, म्हणजे शहराच्या अलीकडेच आहे. तरी माणसे रुग्णाला घेऊन थेट गणेशपेठपर्यंत जातात आणि तिथून तोच रस्ता पुन्हा मागे कापतात. तिकीट काढतानाच "खापरीकडे उतरायचे आहे, ही गाडी थांबते का?" एवढे कंडक्टरला विचारले, तर आजारी माणसाचा तासभर वाचू शकतो. तिकीट काढतानाच विचारायचे, कारण जलद गाडीचे थांबे ठरलेले असतात आणि गाडी पुढे निघून गेल्यावर विचारण्यात अर्थ उरत नाही.

पाटी वाचण्याची पद्धतही बदलावी लागते. एसटीच्या पाटीवर शेवटचे गाव आणि 'मार्गे' हा शब्द असतो, आणि आमच्यासारख्या आडमार्गाच्या माणसासाठी त्यातला 'मार्गे'च कामाचा. शहर बसवर मार्गाचा क्रमांक आणि दोन टोकांची नावे असतात. मधले चौक ज्याला पाठ नाहीत त्याने चढण्याआधी विचारावे.

आता वेळेकडे येतो. माझ्या मते या दोन गाड्यांमधला खरा भेद इथेच आहे. शहर बसचा प्रवासी "पुढची केव्हा येईल?" असे विचारतो. एक गेली तर दहा-वीस मिनिटांनी, कधी त्याहून उशिरा, पण दुसरी येते. गावच्या एसटीचा प्रवासी "आज किती फेऱ्या आहेत आणि शेवटची कोणती?" असे विचारतो. आमच्या गावात संध्याकाळी मुक्कामी गाडी येते. चालक-वाहक शाळेच्या ओसरीवर पथाऱ्या टाकतात, कोणीतरी घरून भाकरी आणि वांग्याची भाजी आणून देते, आणि पहाटे काचेवरचे दव पुसून तीच गाडी परत निघते. त्या गाडीच्या आवाजावर गावातली अर्धी घरे उठतात. दिवसाची एक फेरी शाळेच्या मुलींसाठी असलेल्या, सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातल्या निळ्या गाडीची असते. ती शाळेच्या वेळेला बांधलेली असते आणि सुट्टीच्या दिवसांत तिचा भरवसा धरता येत नाही. त्यामुळे दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत दवाखान्याची तारीख घेताना ती फेरी हिशेबातून वगळावी लागते.

या दोन वेगळ्या घड्याळांची गाठ परतीच्या प्रवासात पडते. मेडिकलला गेलेला माणूस चिठ्ठी, डॉक्टर, रक्ततपासणी आणि औषधांची खिडकी यांतून मोकळा होतो तेव्हा दुपार कलंडलेली असते. नागपूरहून उमरेडला गाडी मिळेल हे त्याला माहीत असते, म्हणून तो निर्धास्त राहतो. पण त्याची शेवटची गाडी नागपूरहून नसते, ती उमरेडहून गावाकडे जाणारी असते. ती चुकली तर फाट्यापर्यंत दुसऱ्या गाडीने यायचे आणि तिथून अंधारात पायी चालायचे, किंवा कोणाला तरी मोटरसायकल घेऊन बोलवायचे. म्हणून आम्ही हिशेब उलटा करतो. मुक्कामी गाडी उमरेडहून केव्हा सुटते ते आधी धरायचे. त्यातून नागपूर ते उमरेड हे सुमारे ४५ किलोमीटर अंतर कापायला लागणारा वेळ वजा करायचा, आणि त्यातूनही मेडिकलपासून दिघोरी किंवा गणेशपेठ गाठण्यासाठी शहर बसचा तास वेगळा काढून ठेवायचा. अंतर पाहिले तर शहर बसचा भाग सर्वांत लहान, पण अंदाज सर्वांत कमी त्याचाच लागतो, कारण चौकाचौकांतली गर्दी आणि भरून आलेली, न थांबता निघून गेलेली गाडी यांचे वेळापत्रक नसते. संध्याकाळी पाचनंतर तर त्या एका तासाचे मी सव्वा-दीड तास धरतो.

काळीपिवळी जीप आणि खासगी ट्रॅव्हल्स यांना कोणी एसटीचाच प्रकार समजू नये, म्हणून थोडक्यात सांगतो. एसटी आणि शहर बस या दोन्ही कायद्याच्या भाषेत टप्पा वाहतुकीच्या गाड्या आहेत, म्हणजे वाटेत प्रवासी चढवणे-उतरवणे आणि टप्प्याप्रमाणे वेगळे तिकीट देणे हे त्यांचे कामच आहे. काळीपिवळी किंवा ट्रॅव्हल्ससारखी कंत्राटी परवान्याची गाडी ठरलेल्या भाड्याने एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेण्यासाठी असते. फाट्यावर ती अडचणीच्या वेळी उपयोगी पडते, हे मी नाकारत नाही. मात्र तिथे एसटीची सवलत नसते, पास चालत नाही आणि गाडी भरेपर्यंत निघण्याची वेळ ठरत नाही.

पुतणी आता दुसऱ्या वर्षाला आहे. सकाळी मुक्कामी गाडीत चढताना ती कव्हर एसटीच्या पासाच्या बाजूने धरते, आणि दिघोरीला उतरली की चालता चालताच ते उलटे करते. शनिवारी कॉलेज लवकर सुटले तरी ती आधी उमरेडच्या चौकशी खिडकीवर फोन करून संध्याकाळची फेरी आहे ना, एवढे विचारते, आणि मगच मैत्रिणींबरोबर सीताबर्डीला जाते.