रग्बी स्कूल, वॉरिकशर

रग्बी स्कूल ही इंग्लंडच्या मधल्या भागात, वॉरिकशर परगण्यातल्या रग्बी गावातली निवासी शाळा. स्थापना १५६७ ची. आज ती भरमसाट फी घेणारी खाजगी शाळा आहे (तिकडे अशा शाळांना पब्लिक स्कूल म्हणतात, त्याने गोंधळून जाऊ नये), पण सुरुवात झाली ती गावातल्या पोरांना फुकट शिकवायला, आणि तिथून इथपर्यंत ती कशी आली हाच तिच्या इतिहासातला खरा इंटरेस्टिंग भाग आहे. रग्बी या खेळाच्या जन्माची, बॉलची गोष्ट त्यानंतरची.

शाळा काढली लॉरेन्स शेरीफ नावाच्या माणसाने. हा मूळचा रग्बीचाच, लंडनला जाऊन किराणा-मसाल्याच्या धंद्यात मोठा झाला, पहिल्या एलिझाबेथ राणीच्या घरी माल पुरवायचा. पोरबाळ नव्हतं, म्हणून मृत्युपत्रात लिहून ठेवलं की रग्बी आणि शेजारच्या ब्राउन्सओव्हरच्या मुलांसाठी शाळा आणि चार गरीब म्हाताऱ्यांसाठी आसरा काढा. आधी थोडी रोख रक्कमही ठेवली होती, पण मरायच्या थोडं आधी विचार बदलून पुरवणी जोडली आणि रोख रकमेच्या जागी लंडनच्या वेशीबाहेरच्या एका शेताचा तिसरा हिस्सा दिला, साधारण आठ एकर, तेव्हा गवत-चाऱ्याची जमीन. लंडन वाढत वाढत त्या शेतापर्यंत आलं आणि त्यावर घरं उभी राहिली, आजचा होबर्नमधला लॅम्ब्स कंड्युइट स्ट्रीटचा भाग तो हाच, तिथे एका गल्लीचं नावच रग्बी स्ट्रीट आहे. रोख दिली असती तर ती कधीच संपली असती. अर्थात पैसा लगेच हातात आला नाही, वारसदार आणि ट्रस्टी यांच्यात पुढे कितीतरी वर्षं कोर्टकचेऱ्या चालू होत्या, त्या काळात शाळा कशीबशी तग धरून होती.

अठराव्या शतकात भाडं वाढलं तशी शाळा सुधारली. १७५० मध्ये ती आत्ताच्या जागेवर आली आणि १७७८ ला टॉमस जेम्स हा ईटन या दुसऱ्या नावाजलेल्या शाळेत शिकलेला हेडमास्तर आल्यावर तिथली पद्धत इथे सुरू झाली, बाहेरगावची, पैसेवाल्यांची मुलं बोर्डिंगला यायला लागली.

त्याच्यानंतर आला हेन्री इंगल्स, फार कडक माणूस, आणि त्याच्या काळात १७९७ चं मोठं बंड झालं. एका मुलाकडे बंदुकीची दारू सापडली, कुठून आणली विचारल्यावर त्याने गावातल्या दुकानदाराचं नाव सांगितलं, दुकानदाराने हात वर केले कारण वहीत त्याने ती चहा म्हणून लिहिली होती, मग मुलाला फटके बसले. मुलांनी जाऊन दुकानाच्या काचा फोडल्या. हेडमास्तर म्हणाला नुकसान वरच्या वर्गांनी भरायचं, तर वरच्या वर्गांनी सुरुंग लावून त्याच्या खोलीचं दार उडवलं आणि बाकं-पुस्तकं मैदानात आणून पेटवली. शेवटी गावात भरतीसाठी आलेले सैनिक बोलवावे लागले, मुलं मैदानातल्या खंदकाच्या आतल्या टेकाडावर जाऊन बसली, दंग्याचा कायदा (जमावाने पांगावं असा हुकूम) वाचून दाखवला गेला आणि सैनिक पाणी ओलांडून मागून आले तेव्हा सगळे पकडले गेले. म्होरक्या विलोबी कॉटनला शाळेतून काढलं. हाच कॉटन पुढे जनरल झाला आणि १८४७ ते १८५० मध्ये मुंबई आर्मीचा सरसेनापती होता, म्हणजे ज्याने शाळेत बंड केलं त्याच्याच हातात आपल्याकडची शिस्त दिली.

शाळेला जगभर नाव मिळालं ते टॉमस अर्नॉल्डमुळे. हा १८२८ मध्ये हेडमास्तर झाला आणि १८४२ मध्ये सत्तेचाळिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी वारला, तोपर्यंत तिथेच होता. त्याचा क्रम ठरलेला: आधी धर्म आणि नीती, मग सभ्य वागणूक, बुद्धी तिसऱ्या नंबरवर. वरच्या वर्गातल्या मुलांना त्याने शिस्तीचे अधिकार दिले, स्वतः चॅपलमध्ये दर रविवारी प्रवचन द्यायचा, लॅटिन-ग्रीकच्या जोडीला इतिहास, गणित, आधुनिक भाषा नीट शिकवायला लावल्या, विज्ञानाला मात्र फारसं आत येऊ दिलं नाही. जो मुलगा शाळेला शोभत नाही असं वाटलं त्याला घरी पाठवायला मागेपुढे बघायचा नाही. त्याचे विद्यार्थी आणि सहकारी पुढे इतर शाळांचे हेडमास्तर झाले आणि हा साचा सगळीकडे पसरला. टॉमस ह्यूज या त्याच्या विद्यार्थ्याने १८५७ मध्ये रग्बी स्कूलमधल्या टॉम ब्राउन नावाच्या मुलाची कादंबरी लिहिली, ती फ्रान्सच्या पिएर द कुबेर्तँने वाचली आणि तो भारावून रग्बी बघायला आला, हाच पुढे आधुनिक ऑलिम्पिकचा जनक. गंमत म्हणजे अर्नॉल्डला स्वतःला खेळांचं तसं काही वेड नव्हतं, ते ह्यूजने कादंबरीत घातलं आणि लोकांनी अर्नॉल्डच्या नावावर टाकलं.

आणि अर्नॉल्डची एक बाजू कमी सांगितली जाते. फुकट शिक्षणाचा हक्क रग्बीकरांना होता, पण त्याच्या काळात खालचे वर्ग जवळजवळ बंद पडले, मग गावातल्या दुकानदाराच्या किंवा कारागिराच्या मुलाने लॅटिन शिकून वरच्या वर्गात जायचं कुठून? उलट बाहेरच्या खाऊनपिऊन सुखी विधवा आणि निवृत्त अधिकारी गावात घर घेऊन राहायला यायचे, म्हणजे त्यांच्या मुलांना रग्बीकर म्हणून फुकट शिकता यायचं. १८६८ च्या पब्लिक स्कूल्स कायद्यात ईटन, हॅरो वगैरे ज्या सात शाळा आल्या त्यात रग्बी होती, आणि त्यानंतर १८७८ मध्ये गावातल्या मुलांसाठी लॉरेन्स शेरीफचंच नाव देऊन वेगळी शाळा उघडली. ती अजून चालू आहे, सरकारी आहे, फी नाही. मला विचाराल तर शेरीफच्या मृत्युपत्रातली शाळा आज तीच.

आता बॉल. १८२३ मध्ये विल्यम वेब एलिस नावाच्या मुलाने फुटबॉल खेळता खेळता बॉल हातात घेऊन पळ काढला आणि रग्बीचा जन्म झाला, अशी पाटी शाळेच्या भिंतीवर आहे. पण ही गोष्ट पहिल्यांदा छापून आली १८७६ ला, एलिस मेल्यावर चार वर्षांनी, आणि सांगणारा माणूस त्या दिवशी मैदानावर नव्हता. १८९५ मध्ये माजी विद्यार्थ्यांनी चौकशी केली तेव्हा ह्यूजने सांगितलं की तो १८३४ मध्ये शाळेत आला तेव्हाही बॉल घेऊन पळणाऱ्याचा जीव गेला असता तरी मुलांनी मारणाऱ्याला निर्दोष सोडलं असतं. तरी पाटी लागलीच, आणि वर्ल्ड कपलाही एलिसचंच नाव. पक्कं आहे ते एवढंच की १८४५ मध्ये तीन विद्यार्थ्यांनी बसून नियम लिहून काढले आणि १८७१ ला रग्बी युनियन झाली तेव्हा तिचे नियम लिहिणारे तिघं वकीलही याच शाळेचे होते. बॉल शिवायचे ते शाळेसमोरचे चांभार, गिल्बर्ट आणि लिंडन, आत डुकराचं मूत्राशय असायचं आणि ते तोंडाने फुगवायला लागायचं. इथलाच टॉम विल्स घरी मेलबर्नला परत गेला आणि १८५९ मध्ये ऑस्ट्रेलियन फुटबॉलचे पहिले नियम करणाऱ्यांत होता.

१८४५ च्या त्या तिघांतला एक विल्यम डेलाफील्ड अर्नॉल्ड, हेडमास्तरचाच मुलगा, तो पुढे पंजाबचा शिक्षण संचालक झाला. दिल्लीत बहादूरशहा जफरला पकडून शहजाद्यांना गोळ्या घालणारा हॉडसन हाही अर्नॉल्डचाच विद्यार्थी. कलकत्त्यात रग्बी स्कूलच्या आणि इतर माजी विद्यार्थ्यांनी १८७३ मध्ये रग्बी फुटबॉलचा क्लब काढला, तो बंद करायची वेळ आली तेव्हा बँकेतले चांदीचे रुपये वितळवून कप केला, नागाच्या आकाराचे कान आणि वर हत्ती असलेला. तोच कलकत्ता कप, इंग्लंड-स्कॉटलंड अजून त्यासाठी खेळतात.

तिथे शिकलेले सगळे खूश होते असं नाही. गणितज्ञ आणि लेखक लुईस कॅरल तिथे १८४० च्या दशकात तीन वर्षं होता आणि काहीही दिलं तरी ती तीन वर्षं परत काढणार नाही असं त्याने लिहून ठेवलंय. मुंबईत जन्मलेला सलमान रश्दी कॅथेड्रल शाळेतून १९६१ मध्ये इथे आला, त्याने तिथल्या वंशभेदाबद्दल आणि एकटेपणाबद्दल पुढे उघडपणे सांगितलं. मुलींना १९७५ पासून फक्त वरच्या वर्गात प्रवेश होता, बाकीचे वर्ग १९९० च्या दशकात उघडले, आणि १९९५ मध्ये पहिली हेड गर्ल नेमली तेव्हा काही मुलांनी निषेध केला आणि त्याच्या बातम्या झाल्या. २०१७ मध्ये थायलंडमध्ये आणि २०२३ मध्ये जपानमध्ये रग्बीच्याच नावाने शाळा सुरू झाल्या आहेत, फी तिथेही भरायला लागते.