पार्श्वभूमी : गटप्रमुखाच्या वहीपासून शेअर्ड शीटपर्यंत

डिसेंबर १९२० मध्ये नागपुरात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा चौदा हजारांवर प्रतिनिधी शहरात उतरले होते. त्यांच्या व्यवस्थेसाठी उभारलेल्या स्वयंसेवक दलाच्या कामात पुढे संघ स्थापन करणारे डॉ. हेडगेवार होते. १४ ऑक्टोबर १९५६ला दीक्षाभूमीवर लाखोंचा समुदाय जमला. तिथली शिस्त डॉ. आंबेडकरांच्या समता सैनिक दलाच्या कार्यकर्त्यांनी सांभाळली. विचारांनी ही दोन टोकं. माणसं धरून ठेवायची रीत मात्र फार वेगळी नव्हती. गट लहान, प्रमुख ओळखीचा, नावं त्याच्या वहीत, आणि कोणी लागोपाठ दोनदा दिसला नाही की त्याच्या घरी चक्कर. पुढची सगळी साधनं मी याच चकरेच्या मापाने मोजतो.

इंटरनेटवरची स्वयंसेवा व्हॉट्सॲपपेक्षा बरीच जुनी आहे. जुनी पुस्तकं मोफत उपलब्ध करून देणारं प्रोजेक्ट गुटेनबर्ग १९७१चं. २००० साली त्याच्या मदतीला ‘डिस्ट्रिब्युटेड प्रूफरीडर्स’ आलं आणि अख्ख्या पुस्तकाऐवजी एकेक पान तपासायला मिळू लागलं. काम पानापुरतं झाल्याने नोकरी-संसार सांभाळणाऱ्यालाही ते झेपायला लागलं. २००३ साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर प्रत्येक बदल करणाऱ्याच्या नावानिशी इतिहासात राहतो. आपलं काम कोणाला तरी दिसतं, हे टिकून राहायला पुरेसं कारण असतं.

आपल्याकडे मात्र वाट वेगळी निघाली. २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला. त्याच वर्षी व्हॉट्सॲप ग्रुपची मर्यादा २५६ झाली. फुटाळा तलावावर निर्माल्य गोळा करायचं असो की रक्तदान शिबिर, ग्रुप आधी निघतो, काम नंतर ठरतं. बोलावणं सोपं झालं; पण अडीचशे जणांत कोण गप्प झालं, हे कळायला मार्गच राहिला नाही. ‘शुभ सकाळ’च्या गर्दीत ‘उद्या सकाळी सहाला या’ वाहून जातं, ते वेगळंच.

२०२० च्या टाळेबंदीत याची परीक्षा झाली. देशाचे उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम महामार्ग नागपुरात छेदतात, त्यामुळे पायी निघालेल्या मजुरांचे लोंढे इथूनच गेले. जेवणाची पाकिटं, पाणी, चपला, कुठल्या नाक्यावर किती, हे ग्रुपवर सांभाळणं अशक्य होतं. अशा कामाला गूगल शीट सोयीची पडली. पुढच्या वर्षी दुसऱ्या लाटेत बेड आणि ऑक्सिजनच्या याद्याही देशभर अशाच शीटवर फिरल्या. नाक्यापुढे नाव आणि वेळ लिहिली की पाळी लावता येते, आणि रोज तेच दहा जण राबताहेत हेही उघड दिसतं. थकून सोडून जाणाऱ्यांत हेच आधी असतात.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. तोवर व्हॉट्सॲपमध्ये मतदान (पोल) आणि अनेक ग्रुप एकत्र बांधणाऱ्या कम्युनिटीज आल्या होत्या. कोण कधी येणार हे एका टिचकीत विचारता येत होतं.

एक गोष्ट मात्र वहीच्या काळात बरी होती. वही प्रमुखाच्या खिशात असायची. शीटची लिंक कोणाकडेही जाते. अनोळखी फोन सुरू झाले की मुली आधी ग्रुप सोडतात, मग काम. २०२३ च्याच ऑगस्टमध्ये झालेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा पाया संमतीचा आहे. स्वयंसेवकांच्या याद्यांत नाव, नंबर, रक्तगट असे रकाने असतात. नंबर कोणाला दाखवायचा, हा रकाना क्वचितच.