अळशीने घोडा चमकतो, भरतो मात्र वैरणीने

मुंबईत वाण्याकडे अळशी मागा किंवा जवस, पुढे येतं ते एकच बी: चपटं, तपकिरी, बोटांतून निसटणारं. विदर्भात रब्बीला पिकणारं आणि आपल्या ओळखीचं ते चटणीमुळे. १५० मिलिलिटरची वाटी त्याने काठोकाठ भरली की वजन साधारण १०० ग्रॅम होतं. साडेचारशे-पाचशे किलोच्या शर्यतीच्या घोड्याला दिवसाची अळशी एवढीच पुरे. माथेरानला चढणाऱ्या किंवा वरातीत चालणाऱ्या अडीच-तीनशे किलोच्या घोड्याला अर्धी वाटी.

पागेत अळशीबद्दल दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. तिने घोडा चमकतो आणि तिने घोडा अंगाने भरतो. पहिली खरी आहे. दुसरी एवढ्याशा मापात खरी होऊच शकत नाही, आणि तिच्यावर विसंबून खंगलेल्या घोड्याची वैरण वाढवायची राहून जाते, म्हणून हिशेब मांडून पाहायला हवा. १०० ग्रॅम अळशीतून सुमारे ५३० किलोकॅलरी मिळतात. रोज मध्यम काम करणाऱ्या ५०० किलोच्या घोड्याला दिवसाला साधारण २३,००० लागतात. म्हणजे वाटीभर अळशीने गरजेचा अडीच टक्केही भाग भागत नाही. तेवढी ताकद पावणेदोनशे ग्रॅम ओटमधूनही मिळते. फासळ्या दिसत असतील तर आधी सुकं गवत आणि लसूणघास वाढवायचा, दात तपासून घ्यायचे, जंतांचं औषध कधी दिलं होतं ते पाहायचं.

मग चमक येते कुठून? अळशीत ४० टक्क्यांच्या आसपास तेल असतं आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा, म्हणजे ओमेगा-३ गटातल्या स्निग्धाम्लाचा. घोड्याच्या शरीराला ते तयार करता येत नाही, खाण्यातूनच मिळावं लागतं. कुरणावर चरणाऱ्या घोड्याला ते हिरव्या गवतातून मिळतं. गवतात स्निग्धांश थोडाच असतो, पण त्यात या आम्लाचा वाटा मोठा, आणि घोडा गवत खातो ते किलोंनी. गवत कापून वाळवलं की त्यातलं बरंच नष्ट होतं. मुंबईतल्या घोड्याच्या वाट्याला कुरण नाही. त्याची वैरण सुकी, आणि चंदीतल्या, म्हणजे दाण्याच्या खुराकातल्या, ओटचं तेल बहुतांशी ओमेगा-६ आणि ओलेइक आम्लाचं. अळशी ही उणीव भरून काढते. ती चंदीला पर्याय नाही, ती हिरव्या गवताची जागा थोडीफार घेते.

केसाच्या पृष्ठभागावर कौलांसारखे एकावर एक बसलेले सूक्ष्म खवले असतात. ते सपाट बसले आणि त्यांच्यावर त्वचेतल्या तेलग्रंथींच्या तेलाचा पातळ थर राहिला, की प्रकाश एका दिशेने परततो आणि अंग चकाकतं. खवले उचकटले, थर कमी पडला, तर तोच प्रकाश विखुरतो आणि रंग मातकट दिसतो. खाण्यातली चरबी बदलली की त्वचा आणि तिचं तेल बदलतं, पण वर आलेला केस मृत असतो, त्याची घडण आता बदलत नाही. म्हणून फरक नीट दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, आणि पुरता दिसतो तो जुना कोट, म्हणजे अंगावरचे केस, झडून नवा आल्यावर. पंधरा दिवसांत निकाल हवा म्हणून माप दुप्पट करू नये. त्वचेतलं तेल केसाच्या टोकापर्यंत पोचवायचं काम खराऱ्याचं आणि ब्रशचं. अळशी सुरू केली म्हणून मालीश कमी करून चालत नाही.

आता बी तयार कसं करायचं. अख्खं कोरडं बी चंदीत टाकलं तर बरंचसं चावलं जात नाही आणि टणक सालीमुळे तसंच बाहेर पडतं. लीद काडीने फोडून पाहिली तर चकचकीत बिया तशाच दिसतात. म्हणून ते फुटायला हवं, दळून किंवा शिजवून.

उकळण्याला आणखी एक कारण आहे. अळशीत लिनामरिनसारखे सायनाइड सोडू शकणारे घटक असतात आणि त्यांना फोडणारं विकरही (एन्झाइम) त्याच बीमध्ये असतं. अख्ख्या बीमध्ये दोन्ही वेगवेगळे राहतात. बी भरडलं आणि कोमट पाण्यात भिजत ठेवलं की ते एकत्र येतात आणि हायड्रोजन सायनाइड सुटू लागतो. उकळत्या पाण्यात विकर निकामी होतं, आणि तयार झालेला वायूही उडून जातो, कारण तो २६ अंशांनाच उकळतो. धोका आहे तो अर्धवट कामात: भरड अळशी रात्री कोमट पाण्यात घालून सकाळी न उकळता तोबऱ्यात, म्हणजे तोंडाला बांधायच्या चंदीच्या पिशवीत, देणं. हे कधीही करू नये.

पद्धत अशी. १०० ग्रॅम अख्ख्या बियांना दीड ते दोन लिटर पाणी. पाण्याला खळखळून उकळी आली की बी टाकायचं आणि झाकण न ठेवता दहा मिनिटं मोठ्या आचेवर उकळू द्यायचं. मग आच मंद करून बी फुटेपर्यंत शिजवायचं, तासाभरापेक्षा जास्त वेळ लागू शकतो. पातेलं पाण्याच्या दुप्पट मापाचं हवं, कारण सालीतला चिकट द्रव फेसाळून उतू जातो. तळ लागतो, म्हणून ढवळत राहायचं. प्रेशर कुकर वापरू नये, तोच द्रव शिट्टीच्या नळीत अडकतो. चमचा वर उचलल्यावर अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार सुटली आणि बी दोन बोटांत सहज चिरडलं की झालं. हाताला सोसेल इतकं निवल्यावर सगळंच, पाण्यासकट, चंदीत कालवायचं. मुंबईच्या उकाड्यात हे दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाही, आंबतं. रोजचं रोज करावं.

दळून द्यायचं असेल तर मिक्सरमध्ये त्या वेळेपुरतंच दळावं, चंदी किंचित ओलसर करून लगेच द्यावं, भिजत ठेवू नये. जठरातलं आम्ल विकराला बरंच रोखतं, त्यामुळे एवढ्या मापात ताजी पूड चालते. सुरुवात १५-२० ग्रॅमने करून पूर्ण मापाला दोन-तीन आठवड्यांनी पोचावं. घोड्याला पित्ताशय नसतं, पित्त थेंबाथेंबाने सतत आतड्यात येत राहतं, आणि एकदम वाढलेल्या तेलाशी जुळवून घ्यायला आतड्याला वेळ लागतो. लीद सैल किंवा तेलकट दिसली की मागच्या मापावर यावं. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे चंदीतली चूक बाहेर पडत नाही, पोटशुळापर्यंत जाऊ शकते.

मुंबईत अळशीचा खरा शत्रू दमट हवा आणि उष्मा. ज्या तेलासाठी ती द्यायची, तेच हवेतल्या ऑक्सिजनशी सर्वांत लवकर जुळतं. म्हणून तर अळशीचं तेल रंगात आणि खिडकीच्या पुट्टीत वापरतात, ते सुकून घट्ट होतं. मैदानावर नवीन बॅटला तेल लावलेल्या प्रत्येकाला तो वास ठाऊक आहे. अळशीच्या डब्यातून तसा, रंगाच्या दुकानासारखा वास आला की ती अळशी टाकून द्यायची. अख्खं बी घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात महिनोन्‌महिने टिकतं, पूड मात्र फ्रिजमध्येही थोडेच दिवस. हार्डवेअरच्या दुकानातलं ‘बॉइल्ड’ अळशीचं तेल घोड्याला कधीही देऊ नये. त्यात ते लवकर सुकावं म्हणून कोबाल्ट, मँगनीजसारख्या धातूंचे क्षार घातलेले असतात. बॅटचं तेलही बॅटलाच.

गव्हाच्या कोंड्यात अळशी कालवून द्यायची जुनी सवय अनेक मोतद्दारांना, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्यांना, आहे. कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट असतो, अळशीतही फॉस्फरसच जास्त. वाटीभर अळशीने काही बिघडत नाही, पण रोज किलोभर कोंडा महिनोन्‌महिने गेला तर शरीर हाडांतलं कॅल्शियम काढू लागतं. लसूणघासात कॅल्शियम भरपूर असतं, तो सोबत असावा.

आणि निस्तेज कोट म्हणजे दर वेळी चरबीची कमतरता नव्हे. या शहरात घोड्याचा घाम बंद होण्याचा विकार ध्यानात ठेवावा. दमट उष्ण हवेत काही घोडे घाम गाळेनासे होतात, कोट कोरडा आणि कोंडायुक्त होतो, चेहऱ्यावरचे केस विरळ होतात, आणि थोड्या कामानंतर घोडा बराच वेळ धापा टाकतो. मालीशनंतरही न जाणारा कोरडेपणा आणि काम केल्यावरही कोरडी राहिलेली मान एकत्र दिसली तर काम थांबवून, अंगावर पाणी मारून पशुवैद्याला बोलवावं. अळशीने हे बरं होत नाही. पावसाळ्यातले गजकर्णाचे चट्टेही तिने जात नाहीत. चिलटांच्या चावण्याने येणाऱ्या खाजेत मात्र थोडी आशा आहे. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या २००२ सालच्या अभ्यासात अशा घोड्यांना ४२ दिवस अळशी दिल्यावर त्वचाचाचणीतली सूज कमी झालेली दिसली. घोडे फक्त सहा होते, तेव्हा जाळी आणि पंखा काढून टाकू नयेत.

घोडा भरतोय की नाही ते चकाकीवरून ठरवू नये, तेलकट कोट हडकुळेपणा झाकतो. फासळ्यांवरून सपाट हात फिरवावा. त्या डोळ्यांना दिसू नयेत, पण हाताला सहज लागाव्यात. मग टेप घ्यावी. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजावी. घेराला घेराने गुणून, मग लांबीने गुणून ११,८८० ने भागलं की अंदाजे वजन किलोत येतं. घेर १८० आणि लांबी १६५ असेल तर ४५० किलो. दर पंधरा दिवसांनी, सकाळच्या चंदीआधी, एकाच माणसाने मोजावं आणि आकडा तारखेसह पागेच्या दारावर खडूने लिहावा.