जादुई मश्रूमची ओळख पटवायला शास्त्रज्ञांना इतकी वर्षं का लागली

सायलोसायबिन मश्रूमचा, म्हणजे ज्यातल्या सायलोसायबिन या रसायनाने नशा येते आणि भास होतात त्या जादुई मश्रूमचा, विषय निघाला की लोक डायरेक्ट साठच्या दशकातल्या हिप्पींवर जातात, पण खरा मजेशीर भाग त्याच्या आधीचा आहे. म्हणजे हे मश्रूम नक्की कुठलं, यावरच शिकलेली माणसं कितीतरी वर्षं गोंधळलेली होती, आणि ज्यांना ते पक्कं माहीत होतं त्यांना नीट विचारायलाच कोणी गेलं नव्हतं.

सोळाव्या शतकात मेक्सिकोत आलेल्या स्पॅनिश पाद्र्यांनी लिहून ठेवलं होतं की इथले लोक तेओनानाकात्ल नावाचं मश्रूम खातात, मधाबरोबर खातात, मग कोणी नाचतं, कोणी रडतं, कोणाला पुढे काय होणार ते दिसतं. बर्नार्दिनो दे साहागुन याने तर सविस्तर वर्णन केलंय. चर्चला हा सगळा सैतानाचा कारभार वाटला, त्यामुळे ती प्रथा डोंगरात, लपूनछपून सुरू राहिली आणि बाहेरच्या जगाला वाटलं संपली.

मग 1915 मध्ये विल्यम सॅफर्ड या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने जाहीर केलं की असं मश्रूम कधी नव्हतंच, पाद्र्यांनी पेयोटी या नशा आणणाऱ्या निवडुंगाला वाळलेला बघून मश्रूम समजून लिहिलं. लॉजिक काय, तर वाळल्यावर दोन्ही सारखे दिसतात! ज्या लोकांनी पिढ्यानपिढ्या दोन्ही वापरलं त्यांना फरक कळत नसेल असं गृहीत धरणं मला तरी भारीच उद्धट वाटतं. पण सॅफर्डचं नाव मोठं, त्यामुळे बऱ्याच जणांनी मान्य करून टाकलं. मेक्सिकोत राहणारा डॉक्टर ब्लास पाब्लो रेको मात्र 1919 पासून सांगत होता की हे चूक आहे, मश्रूम आहे आणि अजून वापरात आहे.

त्याचं म्हणणं खरं ठरायला 1938 उजाडलं. रिचर्ड इव्हान्स शुल्टेस हा हार्वर्डचा तरुण विद्यार्थी रेकोबरोबर ओआहाका राज्यातल्या वाउत्ला दे हिमेनेस या गावी, माझातेक या मूळनिवासी लोकांच्या, गेला आणि नमुने घेऊन आला. पुढच्या वर्षी त्याने पेपर छापला, त्यात नाव दिलं पॅनिओलस या दुसऱ्याच वंशाचं, आणि तिथे परत गडबड, कारण माझातेक लोक मुख्यत्वे वापरतात ते सायलोसायबी वंशातले मश्रूम. म्हणजे मश्रूम आहे हे सिद्ध झालं, पण कुठलं हा प्रश्न अर्धवटच राहिला आणि मग महायुद्धात सगळंच थांबलं.

गावात मात्र कन्फ्युजन काहीच नव्हतं. एक प्रकार दरड कोसळलेल्या मातीवर येतो, त्याला तिथे देर्रुम्बे म्हणतात, दरडीवरूनच पडलेलं नाव. दुसरा गुरांच्या शेणावर येतो, त्याला सान इसिद्रो, आणि तो खालच्या दर्जाचा समजतात. प्रत्येकाची जागा, मोसम, मान वेगळा. हे ज्ञान पुस्तकात नव्हतं, मोठ्यांबरोबर डोंगरात जाऊन डोळ्यात बसलेलं होतं.

जून 1955 मध्ये गॉर्डन वॉसन, म्हणजे न्यूयॉर्कच्या बँकेतला मोठा अधिकारी, फोटोग्राफर ॲलन रिचर्डसनला घेऊन त्याच गावी पोचला आणि मारिया साबिना या उपचार करणाऱ्या बाईंच्या रात्रीच्या विधीत बसला. 13 मे 1957 च्या लाइफ मासिकात त्याचा लेख आला. त्याने बाईंचं नाव बदललं होतं, पण त्याचा काही उपयोग झाला नाही, काही वर्षांत परदेशी पोरांची रांग लागली, पोलीस मागे लागले, बाईंचं घर जाळलं गेलं. तो विधी आजाऱ्याला बरं करण्यासाठी होता, यांना ट्रिप हवी होती. वॉसनने नंतर खंत व्यक्त केली वगैरे, पण किंमत मोजली ती मारिया साबिनांनीच.

नावाचं कोडं सोडवलं रॉजर हाइम या फ्रेंच कवकशास्त्रज्ञाने. तो वॉसनबरोबर मेक्सिकोत गेला, प्रकार वेगवेगळे ओळखले आणि पॅरिसच्या लॅबमध्ये काही वाढवूनही दाखवले. ते मश्रूम गेले स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला, सँडोझ या औषध कंपनीतल्या आल्बर्ट हॉफमनकडे, हो तोच, एलएसडी हे नशेचं रसायन शोधणारा. प्राण्यांवरच्या टेस्टमधून काही धड कळेना तेव्हा त्याने स्वतःच 32 वाळलेले मश्रूम, 2.4 ग्रॅम, खाल्ले, आणि 1958 मध्ये सायलोसायबिन वेगळं काढल्याचं छापलं.

आता गंमत बघा, हे सगळे मेक्सिकोत शोधत होते आणि एक प्रकार युरोपच्या गवतातच होता. 1799 मध्ये लंडनच्या ग्रीन पार्कातून एका माणसाने मश्रूम वेचून आणले, घरच्यांनी खाल्ले आणि आठ वर्षांचा मुलगा विनाकारण हसत सुटला. एव्हरार्ड ब्रँड या डॉक्टरने ती केस छापली, विषबाधा म्हणून. त्या टोकदार टोपीच्या मश्रूमला आज लिबर्टी कॅप म्हणतात, पण त्यातही सायलोसायबिन आहे हे सिद्ध व्हायला 1963 उजाडलं.

सत्तरच्या दशकात अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर आणि ब्रिटनमध्ये रानात जाऊन वेचायचं फॅड आलं, खिशात मावणारी गाइडबुकं निघाली, आणि इथे मामला सिरियस होतो. कारण लाकडाच्या भुशावर, चिप्सवर जिथे सायलोसायबीचे काही प्रकार येतात तिथेच गॅलेरिना नावाचं विषारी मश्रूमही येतं, कधीकधी अगदी शेजारी, तसंच छोटं आणि तपकिरी. त्यात अमाटॉक्सिन हे विष असतं जे लिव्हर खलास करतं, आणि त्रास सहा ते चोवीस तासांनी सुरू होतो, तोवर माणूस निवांत असतो. 1981 मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या व्हिडबी बेटावर अशाच चुकीत एक किशोरवयीन मुलगी गेली. फोटो बघून किंवा दाबल्यावर निळं पडतं का एवढंच बघून ठरवणारे लोक आजही आहेत, कवकशास्त्रज्ञ मात्र बीजाणू आणि मायक्रोस्कोपशिवाय बोलायला तयार नसतात.

कायद्याचा भाग थोडक्यात, कारण तो तसा कंटाळवाणा आहे. 1971 च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात सायलोसायबिन सगळ्यात कडक यादीत गेलं, पण त्या यादीत नाव रसायनाचं होतं, मश्रूमचं नाही, त्यामुळे ब्रिटनमध्ये ताजे मश्रूम दुकानात उघड विकले जायचे, 2005 मध्ये ती पळवाट बंद झाली. नेदरलँड्सने 2008 मध्ये बंदी आणली.

आणि डीएनए आल्यावर अजून एक घोळ निघाला. सायलोसायबी या वंशात दोन वेगळी घराणी एकत्र कोंबलेली होती, एक नशा आणणारं आणि एक अगदी साधं, आणि नियमाप्रमाणे नाव जाणार होतं साध्याकडे. म्हणजे सायलोसायबिन असलेल्या मश्रूमचं नावच सायलोसायबी राहिलं नसतं. शेवटी कवकशास्त्रज्ञांनी खास प्रस्ताव मांडला, लिबर्टी कॅपला वंशाचा नमुना, म्हणजे वंशाचं नाव ज्याच्याबरोबर राहतं तो प्रकार, ठरवलं आणि साध्या मंडळींना डेकोनिका या वेगळ्या वंशात हलवलं.