न्यूट्रलवर सोडलेली गाडी आणि गिअरमध्ये सोडलेली गाडी

चोर्ला घाटातून केरीकडे उतरताना बरेच चालक गिअरचा दांडा मधे, म्हणजे न्यूट्रलवर, आणतात. "सर, इंजिन मोकळं केलं की पेट्रोल वाचतं," हे प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी हमखास ऐकायला मिळतं. सांगणारे वीस-वीस वर्षं स्टिअरिंगवर बसलेले असतात आणि त्यांची सवय उगाच पडलेली नाही. कार्ब्युरेटरच्या (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या जुन्या यंत्रणेच्या) जमान्यात एक्सलेटरवरून पाय काढला तरी फिरतं इंजिन पेट्रोल ओढतच राहायचं. न्यूट्रलवर इंजिनाचे फेरे कमी, म्हणून ओढही कमी.

आता इंजेक्शनच्या, म्हणजे संगणकाच्या हुकमाने इंजेक्टरमधून इंधन फवारणाऱ्या, गाड्या आहेत आणि हिशेब उलटा झाला आहे. गोंधळ होतो, कारण न्यूट्रलवर सोडणं आणि गिअरमध्ये सोडणं, आपण दोन्हींना 'गाडी सोडणं'च म्हणतो.

गिअरमध्ये असताना एक्सलेटर पूर्ण सोडला, की गाडीतला संगणक इंजेक्टर बंद करतो. उतारावर चाकंच इंजिनाला फिरवत असतात, त्याला इंधन लागतच नाही. फेरे आयडलच्या (उभ्या गाडीत चालू इंजिनाच्या किमान वेगाच्या) जवळ आले की पुरवठा पुन्हा सुरू होतो. न्यूट्रलवर मात्र चाकं आणि इंजिन यांचा संबंध तुटतो. बंद पडू नये म्हणून इंजिनाला स्वतःपुरतं पेट्रोल जाळावं लागतं. लहान गाडीला आयडलवर तासाला साधारण अर्धा ते एक लिटर लागतं. म्हणजे अर्ध्या तासाच्या उतारात पाव ते अर्धा लिटर, तेही वाचवतोय या समजुतीत.

"पण गिअरमध्ये फेऱ्यांचा काटा तर दोन हजारावर आहे, मग जास्त नाही का जळणार?" ही शंका रास्त आहे. ज्या गाडीत चालू अॅव्हरेज दिसतं, तिच्यात मी ते दाखवतो. तिसऱ्या गिअरमध्ये पाय उचलला की आकडा उडी मारून टोकाला जातो, न्यूट्रल केलं की खाली येतो. त्यानंतर वाद घालावा लागत नाही.

सपाटीलगतच्या अगदी हलक्या उतारावर न्यूट्रलची गाडी जास्त लांब जाते आणि थोडी बचत होऊ शकते, हेही खरं. पण घाटात तो विचारच नको. तिथे इंजिन गाडीला धरून ठेवतं. न्यूट्रलवर सगळा भार ब्रेकवर येतो. पावसाळ्यात, धुक्यात, एकामागून एक वळणं घेताना ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि मग पेडल दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. इंजिनच बंद करून उतरणं तर त्याहून घातक: दोन-तीन दाबांत ब्रेकची मदत संपते, पॉवर स्टिअरिंग जड होतं. चढताना जो गिअर लागला, त्याच गिअरमध्ये उतरावं, हा जुना नियम आजही चोख आहे. भरलेल्या ट्रकने अनमोड घाटात तर तो पाळायलाच हवा.

खरी बचत घाटापेक्षा रोजच्या रस्त्यावर जास्त आहे. पर्वरीच्या उतारावरून मांडवी पुलाकडे येताना पुढे गाड्या तुंबलेल्या दिसल्या, की बहुतेक जण शेवटपर्यंत रेस देतात आणि मग ब्रेक मारतात. शंभर-दीडशे मीटर आधीच पाय उचलला, गिअर तसाच ठेवला, तर तेवढं अंतर जवळपास फुकट कापलं जातं. वाचलेल्या प्रत्येक लिटर पेट्रोलमागे सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जायचा राहतो.

न्यूट्रलची जागा सिग्नलला, गाडी पूर्ण थांबल्यावर. आणि लाल दिवा लांबणार असं दिसलं, तर सरळ चावी फिरवून इंजिन बंद करावं.